कोकण किनारा सायकलने करायचाय, पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगा) घ्यावेत का? केवढे?

मुळशीकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मी आणि बायको पुण्याहून गोव्यापर्यंत सायकलने जायचं ठरवतोय. ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून म्हसळा-श्रीवर्धन, मग हरिहरेश्वर, केळशी, दाभोळ, गुहागर असं किनारा धरून खाली तेरेखोलपर्यंत. घाई अजिबात नाही, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर झाले की थांबायचं, घरगुती राहायची सोय असेल तिथे मुक्काम, जेवण खानावळीत किंवा ज्यांच्याकडे राहू त्यांच्याकडेच, त्यामुळे तंबू, स्टोव्ह वगैरे काही नेणार नाही.

प्रश्न सामानाचा आहे. आतापर्यंत पानशेत, मुळशी, लवासा अशा राइड केल्या त्या पाठीवर छोटी सॅक टाकून, पण मुक्कामाची राइड केली तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघांच्याही खांद्यांची वाट लागली, घामाने पाठ चिंब ते वेगळंच. म्हणून पॅनिअर घ्यायचं चाललंय. सायकली दोन्ही हायब्रिड (रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या), माझ्या सायकलला डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरची चकती पकडणारे), तिच्या सायकलला साधे व्ही ब्रेक (रिमवर पॅड दाबणारे). नेटवर बघितलं तर लोक चार-चार बॅगा लावून फिरतात, कोणी म्हणतं पॅनिअर जुने झाले आता सीटखाली लांब बॅग लावा, दुकानात विचारलं तर त्यांच्याकडे जे शिल्लक आहे तेच सगळ्यात भारी. तर मागे दोन बॅगा पुरतील का, किती लिटरच्या, वॉटरप्रूफच हव्यात का, आणि कोकणातल्या चढांवर हे सगळं ओढायला कितपत जड जातं हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज. पैसे खर्च करायची तयारी आहे पण उगाच उधळायचे नाहीत.

पेडलपुणे

मस्त बेत आहे, जाच. आणि हो, पॅनिअरच घ्या, पाठीवर काही नको. पाठीवरचं वजन शेवटी सीटवरच येतं, मनगटांवर येतं, आणि लांबच्या राइडला तिथेच आधी दुखायला लागतं.

पण बॅग बघायच्या आधी कॅरिअर बघा, कारण सगळा भार तोच घेणार आहे. तुम्हाला हवं ते चार ठिकाणी बोल्टने बसणारं, खाली मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) दोन आणि वर सीटखालच्या दांड्यांना दोन. अशा चांगल्या अॅल्युमिनियम कॅरिअरवर साधारण २५ किलोची मर्यादा छापलेली असते, तुम्हाला त्याच्या निम्म्यातही काम आहे. सीटपोस्टला (सीटच्या उभ्या दांडीला) क्लॅम्प करून मागे लोंबणारं कॅरिअर मिळतं ते घेऊ नका, त्याची मर्यादा नऊ-दहा किलोच्या आसपास असते आणि खड्ड्यात गेलं की अख्खं डावी-उजवीकडे फिरतं, मग बॅग स्पोकमध्ये जायची भीती.

तुमच्या डिस्कवाल्या सायकलचं आधी बघा कॅलिपर (ब्रेकची चकती पकडणारा भाग) नक्की कुठे आहे. मागच्या दोन दांड्यांच्या बेचक्यात आत असेल तर साधं कॅरिअर बसतं. वरच्या दांडीवर बाहेरच्या बाजूला असेल तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो, तिथे डिस्कसाठी बनवलेलंच कॅरिअर लागतं. काही दुकानदार अशा वेळी लांब बोल्ट आणि चार-पाच वॉशर घालून पाय बाहेर ढकलून बसवून देतात, तसं करू देऊ नका. बोल्ट फ्रेमपासून जितका बाहेर तितका तो वाकतो, आणि वाकलेला बोल्ट फ्रेमच्या आत तुटला तर तो काढणं म्हणजे रस्त्यात न होणारं काम.

बोल्ट बहुतेक एम-५ साइजचे असतात. बसवताना बोल्ट सैल होऊ न देणारं निळं लॉक्टाइट लावा (लाल नको, ते सुटत नाही), आणि तसेच दोन जास्तीचे बोल्ट टूलकिटमध्ये ठेवा. कॅरिअर मोडतं ते एकदम मोडत नाही, आधी एक बोल्ट सैल होतो, मग बाकीच्या तिघांवर ताण येतो, मग कुठेतरी वेल्ड सुटतं. म्हणून रोज सकाळी निघायच्या आधी चारही बोल्टांना अॅलन की लावून बघायची. अर्धा मिनिट लागतो.

आणि बॅग घेताना हूक तुमच्या कॅरिअरच्या दांडीवर बसवून बघा. दांडी बारीक आणि हूक ढिला असला की बॅग दिवसभर खडखडते आणि दांडीचा रंग, मग धातूही खाते. चांगल्या बॅगांबरोबर हुकात घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात, दांडीच्या जाडीप्रमाणे, त्या फेकू नका.

रत्नदुर्ग

रत्नागिरीचा आहे, हा रस्ता घरचा, म्हणून चढांबद्दल मी सांगतो.

ताम्हिणीसारखा एक मोठा घाट आणि मग सपाट असं इकडे नाही. प्रत्येक खाडीला तुम्ही समुद्रपातळीवर येता, पूल किंवा जेटी ओलांडता आणि लगेच समोरच्या सड्यावर (वरच्या पठारावर) चढता. दाभोळला उतरलात की धोपावेला चढ, तवसाळहून जेटीने जयगडला आलात की परत चढ, पुढे आरे-वारेला समुद्र बघत उतरायचं आणि तो बघत बघतच चढायचं, भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग तेच. चढ लांब नसतात पण खडे असतात, दिवसात किती वेळा ते मोजायचं नाही. म्हणून माणशी बॅगेसकट सात-आठ किलोच्या वर जाऊ नका असं माझं ठाम मत. सपाटीवर दोन किलो जास्तीचे कळत नाहीत, जयगडच्या चढाला पहिल्या पाचशे मीटरमध्ये कळतात. गिअर बघून घ्या, सगळ्यात हलक्या गिअरला पुढची चकती मागच्या मोठ्या चकतीएवढी किंवा लहान हवी, मागची लहान पडत असेल तर निघण्याआधी बदला.

मागच्या चाकाकडे पण लक्ष द्या. तुमचं स्वतःचं निम्म्याहून जास्त वजन आधीच मागच्या चाकावर असतं, त्यात दोन्ही बॅगा तिथेच. निघण्याआधी चाकाचा आउट (फिरताना डावी-उजवीकडे डुलणं) काढून स्पोक सारखे ताणून घ्या, तुटतात ते बहुतेक चेनच्या बाजूचे आणि ते बदलायला कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) काढावी लागते, ते टूल गावच्या सायकल दुकानात मिळेलच असं नाही. टायर ३५ एमएम किंवा त्याहून रुंद बसत असेल तर तोच घाला आणि मागच्यात हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त.

उतारावर: भरलेली सायकल उशिरा थांबते. ब्रेक सलग धरून ठेवायचे नाहीत, दाबायचे सोडायचे, आणि वहिनींच्या सायकलचे व्ही ब्रेक आहेत तर पॅड नवीन घालून एक जोडी जास्तीची घ्या. उताराच्या शेवटी बऱ्याच ठिकाणी गाव, शाळा आणि मग एकदम पूल असतो.

जेटीबद्दल. बागमांडले-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्ही ठिकाणी गाड्या नेणारी बोट आहे आणि सायकल सहज जाते. ओहोटीला उतरता धक्का जास्त खाली लागतो आणि त्यावर शेवाळ असतं, तिथे सायकलवरून उतरून चालत जा, मागच्या वजनाने चाक सरकतं. बोटीत भरलेली सायकल स्टँडवर उभी राहत नाही, हलली की पडते. यावर उपाय म्हणजे एक जाड रबरबँड हँडलला अडकवून ठेवायचा, थांबलात की पुढचा ब्रेक दाबून त्यावर चढवायचा. चाक लॉक, मग कठड्याला टेकवली तरी पुढे-मागे घरंगळत नाही. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापलात तरी चालतो.

सायकलवाली

वरचे दोघे सगळं बरोबर सांगतायत, मी भरण्याबद्दल सांगते कारण बॅग कितीही भारी असली तरी भरायची चुकली की सायकल डुलते.

जड ते खाली आणि फ्रेमच्या बाजूला. म्हणजे टूल, ट्यूब, चार्जर, पॉवर बँक, साबण-शांपूच्या बाटल्या हे तळाला आतल्या अंगाला, कपडे वर आणि बाहेर. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या, घरी लगेज तोलायचा हातातला काटा असेल तर दोन्ही अडकवून बघा, अर्ध्या किलोच्या आत फरक हवा. कॅरिअरच्या वर जमेल तितकं मोकळंच ठेवा, वर वजन गेलं की उतारावर हँडल थरथरायला लागतं, वर फार तर ओला टॉवेल वाळत टाका बंजीने (टोकांना हूक असलेल्या लवचिक दोरीने). बंजीचं टोक मात्र लोंबता कामा नये, ते स्पोकमध्ये गेलं की चाक जागेवर थांबतं.

रस्त्यात वारंवार लागणारं सगळं डाव्या बॅगेत. आपण डावीकडून चालवतो, थांबलो की डावीकडे मातीत पाय टेकतो, मग उजव्या बॅगेला हात घालायला रस्त्याच्या बाजूला जावं लागतं जिथून डंपर जातात. पाणी, खाऊ, रेनकोट, औषधं, सनस्क्रीन डावीकडे. मुक्कामाचे कपडे उजवीकडे, ते संध्याकाळपर्यंत उघडायचेच नाहीत.

आणखी एक, टाच. बॅग लावून सायकल स्टँडवर चढवा आणि स्वतः बूट घालून बसून पेडल उलटं फिरवा. हायब्रिडला मागची दांडी आखूड असते त्यामुळे टाच बॅगेच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला लागते. प्रत्येक फेऱ्याला नुसती घासली तरी दिवसाअखेर गुडघा बोलायला लागतो कारण आपण नकळत पाय तिरका ठेवतो. बॅगचे हूक सरकवता येतात, बॅग मागे घ्या, आणि पुढचा खालचा कोपरा तिरका कापलेली बॅगच निवडा.

जोडीने जाताय तर सामान निम्मं निम्मं वाटू नका. जो चढाला पुढे निघून जातो त्याच्याकडे जास्त वजन. टूलकिट, पंप, कुलूप, औषधं ही दोघांत एकच लागतात, ती सगळी एकाच सायकलवर. मग दोघांचा वेग आपोआप जवळ येतो, चढावर एकाला वर जाऊन दुसऱ्याची वाट बघत बसावं लागत नाही आणि मागच्याला सतत आपण उशीर करतोय असं वाटत नाही. लांबच्या ट्रिपला हे फार महत्त्वाचं आहे.

कपडे म्हणाल तर सायकलचे दोन जोड, मुक्कामाचा एक. रोज संध्याकाळी पोचल्या पोचल्या धुवायचे, कोकणात किनाऱ्याला डिसेंबरातही दमट हवा असते, पॅडवाली शॉर्ट रात्रीत वाळेलच असं नाही, म्हणून दोन.

बायरनहून

मी जर्मनीत बव्हेरियात असतो, इकडे पॅनिअर लावून लोक रोज ऑफिसला, भाजीला जातात. ऑर्टलीब ही पॅनिअर बनवणारी कंपनी इथलीच, न्यूरेंबर्गजवळ हाइल्सब्रॉनला, १९८२ पासून बनवतायत. त्यांची मागची मोठी जोडी ४० लिटरची येते. वरून गुंडाळून बंद करायची, कापडाचे सांधे शिवलेले नसून वेल्ड केलेले, त्यामुळे सुईची भोकंच नाहीत जिथून पाणी शिरेल. उत्तम वस्तू, वर्षानुवर्षं टिकते, पण आयात करून जोडी पाच आकड्यांत जाते आणि तुमच्या एका ट्रिपसाठी मी ती घ्या असं म्हणणार नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणार असाल किंवा रोज ऑफिसला वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

डिसेंबरात कोकणात पावसाची शक्यता फार कमी. वॉटरप्रूफपेक्षा धूळ, तांबडी माती आणि सकाळचं दव यांचा विचार करा. साध्या जाड कापडाची बॅग आणि आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी, तोंड पिळून रबर लावलं की झालं. रेन कव्हरवाल्या बॅगांना एक अडचण असते, चाकाने उडवलेलं पाणी मागून येतं जिथे कव्हर नसतं, आणि मग ते कव्हरच्या तळाशी साठतं. त्यामुळे मडगार्ड लावणं हे कव्हरपेक्षा जास्त कामाचं.

चार बॅगांबद्दल: पासाउ ते व्हिएन्ना डॅन्यूबच्या काठाने लोक चार बॅगा, तंबू, खुर्च्या घेऊन जातात कारण तो रस्ता नदीबरोबर जातो, जवळपास सपाट. ते फोटो बघून कोकणासाठी खरेदी करू नका. माझा सल्ला, पुढच्या चाकाला लावतात ती छोटी जोडी, दोन्ही मिळून २५ लिटर, ती मागे लावा. राहायची-जेवायची सोय आहे म्हणताय तर माणशी तेवढं भरपूर झालं. मोठी बॅग घेतली की ती भरलीच जाते, रिकामी जागा बघवत नाही कोणाला.

हलकीचाल

पॅनिअरच्या विरोधात नाही पण दुसरी बाजू मांडतो. तुमचं सामान सात-आठ किलोच असेल तर सीटखालची लांब बॅग १२-१४ लिटरची, हँडलवर एक गुंडाळी बॅग आणि फ्रेममध्ये एक त्रिकोणी, एवढ्यात बसतं. कॅरिअर नको, बोल्ट नको, वारा कमी लागतो, खडीच्या रस्त्यावर काही खडखडत नाही. समुद्राकडून दुपारी आडवा वारा येतो तेव्हा बाजूला लटकलेल्या मोठ्या बॅगा ढकलल्या जातात हे सड्यावर चांगलं जाणवतं.

तोटेही सांगतो. सीट आणि टायर यांच्यात पुरेसं अंतर लागतं, उंची कमी असलेल्यांच्या छोट्या फ्रेमला बॅग टायरला टेकते. दुसरं म्हणजे रोज सकाळी सगळं परत त्याच क्रमाने कोंबायचं, एक गोष्ट काढायची तर सगळं बाहेर. पॅनिअर हुकावरून उचलला की थेट खोलीत, त्या बाबतीत त्याला तोड नाही. तुम्ही घाईत नाही आणि दोघं आहात, तर तुमच्यासाठी मी पण पॅनिअरच म्हणेन. एकट्याने वेगात जायचं असतं तर नाही म्हटलं असतं.

मुळशीकर

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. काल दोन्ही सायकली उलट्या करून बघितल्या. माझ्या सायकलचा कॅलिपर आतच आहे, बेचक्यात, म्हणजे साधं कॅरिअर बसेल. मित्राचे पॅनिअर आणून लावून बघितले, मला काही नाही पण बायकोची टाच लागतेय, पूर्ण मागे सरकवूनही निसटती लागते. तिची फ्रेम लहान आहे. वजनाबद्दलचं तिला वाचून दाखवलं, तिने लगेच टूलकिट माझ्या नावावर केलं.

आता दोन प्रश्न. एक, तिच्यासाठी छोट्या बॅगा शिवून घेता येतील का, शिवणारे ओळखीचे आहेत. दोन, परत येताना सायकली आणि बॅगा रेल्वेने कशा आणायच्या?

जुनीअॅटलस

शिवून नक्की घेता येतील. बॅग म्हणजे दांडीवर अडकणारी पिशवी, त्यात अवघड आहे ते फक्त पाठ आणि हूक. आमच्याकडचे गवळी इतकी वर्षं कॅरिअरच्या दोन्ही अंगांना किटल्या लटकवून भरल्या दुधाने गाव फिरतात, वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं, तेच तत्त्व.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला जाड ताडपत्री, निवार पट्टी, बकल, रिव्हेट सगळं फिरून मिळेल. पाठीला ताठ काहीतरी हवं नाहीतर पिशवी चाकात ओढली जाते. भाजी कापायचा जाड प्लॅस्टिकचा बोर्ड घ्या, आकाराला कापता येतो, पाणी लागलं तरी फुगत नाही, प्लायवूड फुगतं. वर दोन हूक अॅल्युमिनियमच्या पट्टीचे, तीन एमएम जाडीची, दांडीवरून खाली इंचभर यायला हवी म्हणजे खड्ड्यात उडून निघणार नाही. हुकाच्या आतून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा, खडखड बंद. बोर्डाच्या मधोमध खालून एक बंजी आणि तिला एस हूक, तो कॅरिअरच्या खालच्या बोल्टापाशी अडकवायचा, त्याने बॅग खाली ताणून राहते. वर उचकटायला नको आणि बाहेर झुलायलाही नको, दोन्ही एकाच बंजीने साधतं.

रिव्हेट मारताना आतून मोठा वॉशर द्या, नुसत्या प्लॅस्टिकमधून रिव्हेट ओढून निघतो. टाचेसाठी बॅगेचा पुढचा कोपरा वरून खाली तिरका कापून शिवायला सांगा, वरती रुंद, खाली अरुंद. आधी पुठ्ठा कापून कॅरिअरला बांधा, वहिनींना बूट घालून पेडल फिरवायला सांगा, टाचेला दोन बोटं जागा राहिली की तोच पुठ्ठा शिवणाऱ्याला द्या. रिफ्लेक्टरची पट्टी मागच्या बाजूला शिवून घ्यायला विसरू नका, कॅरिअरवरचा लाल दिवा बऱ्याचदा बॅगेमागे झाकला जातो.

पेडलपुणे

दादा, पुठ्ठ्याची कल्पना एक नंबर.

रेल्वेचं सांगतो. सायकल डब्यात घेऊन बसता येत नाही, पार्सल ऑफिसात बुक करून ती लगेज व्हॅनमधून येते. तेरेखोलला फेरीने केरीला उतरलात की तसेच पुढे मडगावपर्यंत सायकलवरच जा, छोट्या स्टेशनांवर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सायकल चढवणं अवघड, मडगावला पार्सलची नीट सोय आहे. तुमच्यासाठी वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस बरी, ती लोंढा, बेळगाव, मिरजवरून पुण्याला येते, गाडी बदलायला नको. गाडीच्या बऱ्याच आधी पोचा आणि तिकिटाची, ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा.

पॅनिअर, पंप, बाटल्या, दिवे, सायकल कॉम्प्युटर सगळं काढून स्वतःजवळ. दोन पॅनिअर हातात धरून प्लॅटफॉर्मवर चालणं जिवावर येतं, म्हणून प्रत्येकी एक खांद्याचा पट्टा घ्या, दोन्ही बॅगा एकाच पट्ट्याला अडकवता येतात. शिवून घेताय तर बाजूला दोन डी रिंग आत्ताच टाकून घ्या. पेडल काढून घ्या, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. आणि डिस्कवाल्या सायकलच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) पुठ्ठा बांधा, पार्सलमध्ये वरून काही पडलं तर वाकतो तो रोटरच. कॅरिअर काढायची गरज नाही, उलट सायकल आडवी टाकली तर आधी मार कॅरिअरला बसतो आणि डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाचतो. फक्त पुण्यात ताब्यात घेतल्यावर घरी निघायच्या आधी तेच चार बोल्ट परत एकदा आवळून बघा.